धामणगावहून मुंबई, लहान पोट्ट्यांना घेऊन

मुंबईत काय काय पाहायचं याची यादी कोणीही देतं. लहान पोट्टे सोबत असले की ती यादी पहिल्याच दुपारी गुंडाळून ठेवावी लागते. मी शिवणकाम करते, विदर्भात धामणगाव रेल्वेपासून आत एका खेड्यात. भाऊ डोंबिवलीला कंपनीत आहे, म्हणून आमचं मुंबईला जाणं-येणं असतं. सोबत थोरली, ती दुसरीत. धाकटा, तो अंगणवाडीत. आणि जावेचा पोरगा, तो चौथीत. कापड टाकायला आलेल्या बाया हमखास विचारतात, "ताई, एवढ्याश्या लेकरायले घेऊन मुंबईले कशी जात असशीन वं तू?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

मुख्य सांगणं असं की मुंबईच्या घड्याळामागे आपण पळायचं नाही, मुंबईच आपल्या घड्याळात बसवायची. खेड्यातली लेकरं कोंबडा आरवायच्या वेळी उठतात, अकराला भाकर मागतात, दुपारी पेंगतात आणि दिवेलागणीनंतर किरकिर करतात. मुंबई नेमकी उलटी. तिथं सकाळी उशिरा बाहेर पडून रात्री चौपाटीवर भेळ खायची पद्धत. आपण ते करायला गेलो की मुलं रडतात, आपण चिडतो, आणि यजमान ओशाळतात.

कधी जायचं

शाळेच्या सुट्ट्यांत नका जाऊ, हे माझं मत. मे महिन्यात गाड्या भरलेल्या आणि मुंबईत घामाच्या धारा. आपल्याकडचं ऊन कोरडं, सावलीत बसलं की माणूस निवतो. तिथं सावलीतही अंग चिकट राहतं, आणि आपल्या लेकरांच्या मानेवर दोन दिवसांत घामोळ्या उठतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जूनमध्ये जावं असं काहींना वाटतं. पण तेव्हा तिकडे पावसाळा लागलेला असतो आणि इकडे पेरणीची घाई. दिवाळीत कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, तेव्हा घर सोडून कोण जाणार?

आम्ही तूर घरात आली की जातो. फेब्रुवारीत मुंबईची हवा त्यातल्या त्यात बरी असते, रेल्वेचं आरक्षण मिळतं आणि सहलींची गर्दी थोडी ओसरलेली असते. पहिली-दुसरीच्या लेकराची चार दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. गुरुजींना आधी सांगा, ते उलट आल्यावर मुलांना वर्गात उभं करून काय पाहिलं ते सांगायला लावतात.

तिकीट

गावातून धामणगावपर्यंत एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेचा नियम नीट समजून घ्या, कारण तिथंच पैसे जातात किंवा वाचतात. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही, पण मग त्याला वेगळी जागाही नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं. बर्थ न घेता आपल्याजवळच झोपवणार असाल तर अर्धं. आम्ही थोरलीला माझ्याजवळ घेतो आणि जावेच्या पोराला बर्थ घेतो; तो आता लांबलचक झाला आहे, त्याच्याजवळ झोपणाऱ्याला रात्रभर लाथा बसतात. वयाचा पुरावा म्हणून मुलांची आधार कार्डं जवळ ठेवा. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं.

आमच्याकडून सोयीची गाडी विदर्भ एक्स्प्रेस. संध्याकाळी बसायचं, जेवायचं, झोपायचं, पहाटे कल्याणला उतरायचं. मुलांसोबत दिवसाची गाडी नकोच. झोपताना लेकरू भिंतीच्या बाजूला, आपण मोकळ्या बाजूला, आणि चपला बर्थखाली न ठेवता पिशवीत. कल्याणला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून इगतपुरी गेली की एकेकाला उठवून मुतवून आणा आणि सामान दाराजवळ आणून ठेवा. रेल्वेच्या १३९ या फोन नंबरवर उतरायच्या स्टेशनाची सूचना लावून ठेवता येते, तसा फोन येतो.

डब्यात दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखट पुऱ्या, मुरमुऱ्याचा चिवडा आणि संत्री. संत्र्याची साल मुलांच्या नाकाशी धरायला ठेवा, मळमळ थांबते असं आमची सासू म्हणते आणि मुलं तरी गप्प बसतात.

कपडे आणि पट्टी

हा माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर.

फिरायला जाताना तिघांना एकाच ताग्यातलं भडक पिवळं कापड, मुलांना शर्ट आणि थोरलीला फ्रॉक. बाजारात पिवळे टी-शर्ट दोनशेला मिळतात, पण तिन्ही पिवळे वेगवेगळे निघतात. गर्दीत डोळा एकाच रंगावर बसला पाहिजे. लाल नको, मुंबईत हमालांचे शर्ट लाल, बेस्टची बस लाल, टपालपेटी लाल.

आतल्या बाजूला, खालच्या काठाच्या जरा वर, सुती पट्टी शिवा. साधी नाडीची पट्टी चालते, बोटभर रुंद. शिवायच्या आधीच तिच्यावर कापडावरच्या काळ्या मार्करने दोन फोन नंबर लिहा, एक आपला आणि एक मुंबईतल्या घरचा. लिहून झालं की वर कोरडं कापड टाकून इस्त्री फिरवा, म्हणजे शाई धुण्यात पसरत नाही. मग चारही बाजूंनी टीप मारा. दोनच बाजूंनी मारली तर पट्टी वळते आणि लेकरू खाजवत बसतं. पट्टीवर नाव लिहू नका. नाव वाचून कोणीही परका माणूस "अरे, तू अमक्याचा ना" म्हणत जवळ येऊ शकतो. नंबर वाचून फक्त फोन करता येतो.

शर्टाच्या आत छातीपाशी छोटा खिसा, त्यात शंभराची नोट, सेफ्टी पिन लावून. ही नोट हरवल्यावरची, खाऊची नव्हे. खाऊसाठी वेगळे पैसे देते, सगळ्या दिवसांसाठी एकदाच, ज्याच्या त्याच्या हातात. फुगा घ्या, चकली घ्या, पण संपले की संपले. जावेचा पोरगा पहिल्याच स्टेशनवर सगळे उडवतो, थोरली शेवटच्या दिवसापर्यंत मोजत राहते, आणि मला रस्त्यात एकाही दुकानापुढे उभं राहून भांडावं लागत नाही.

रोज घरातून निघताना तिघांचा उभा फोटो मोबाइलवर काढा. पोलिसाला "पिवळा शर्ट, एवढा उंच" सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं.

अंगणातला सराव

निघायच्या आधी दोन-तीन आठवडे हे खेळासारखं करा. पहिलं, फोन नंबर पाठ. थोरलीने तो चालीवर म्हणून पाठ केला. धाकट्याला येत नाही, म्हणून पट्टी.

दुसरं, हरवलो तर काय. तिथंच उभं राहायचं, आईला शोधायला निघायचं नाही. आईच मागे येईल. कोणाला सांगायचं? लेकरू कडेवर घेतलेली बाई, खाकी कपड्यांतला पोलीस, किंवा तिकिटाच्या खिडकीतला माणूस. आठवडी बाजारात आम्ही हे करून पाहतो. मी मुद्दाम भाजीच्या दुकानामागे जाते आणि कोण काय करतं ते पाहते. आपण मोठ्यांनीही १०९८ आणि ११२ हे दोन नंबर लक्षात ठेवा, पहिला मुलांसाठीचा, दुसरा सगळ्या संकटांसाठीचा. रेल्वेच्या हद्दीत १३९.

तिसरं, रांग. मोठा माणूस पुढे, मुलं मधे, मोठा माणूस मागे. गाडीत चढताना आणि उतरताना लेकरू कधीच पहिलं नाही आणि शेवटचं नाही. आम्ही घराच्या उंबरठ्यावर हे करतो, धाकट्याला तर त्यात फारच मजा वाटते. तरीही चुकामूक झालीच तर ठरवून ठेवा, गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथंच थांबायचं, फलाटावर राहिलेला मागच्या गाडीने तिथं येईल. हे चौथीतल्या पोराला कळतं. त्याहून लहानाचा हात सोडायचाच नाही.

नातेवाईकाच्या घरी

मुंबईतलं घर म्हणजे आपल्याकडची एक ओसरी. भावाकडे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात ते चौघं आणि आम्ही सगळे. अशा घरी लेकरं घेऊन जाताना काही गोष्टी न सांगता पाळायच्या असतात.

वहिनीला महिनाभर आधी विचारा, कळवू नका, विचारा. तिच्या मुलांच्या परीक्षा असतील, तिला सुट्टी नसेल. पाणी ठरलेल्या वेळी येतं. त्या वेळी आपल्या लेकरांना आंघोळीला बसवू नका, आधी त्यांच्या बादल्या भरू द्या. सकाळी त्यांच्या घरात डबे, शाळा, आठची लोकल असं सगळं एकदम चालतं. त्या वेळी आपण पोरांना घेऊन एक तर घराबाहेर असावं, नाहीतर अंथरुणात. आमच्याकडे धाकटा पाचलाच उठून "मामा, लिफ्ट!" म्हणून ओरडतो, म्हणून आम्ही बाहेर पडणं पसंत करतो.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, पण मिठाईही नेऊ नका. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, हळद, वाळवलेल्या कुरड्या, पापड असं न्या. डाळ पाहून वहिनीचा चेहरा जो खुलतो तो साडी पाहूनही खुलत नाही. आणि राहू तितके दिवस भाजी, दूध आपण आणा. आणू का, असं विचारलं तर कोणी हो म्हणत नाही, सरळ आणून ठेवा.

एक दिवस शहरात, दुसरा दिवस घरीच, असं करा. घरच्या दिवशी भावाच्या सोसायटीची बाग, घसरगुंडी आणि लिफ्ट. खरं सांगते, आमच्या मुलांना विचाराल मुंबईत काय आवडलं, तर लिफ्टचं नाव पहिलं येतं. वॉचमनला मात्र आधी भेटून या, नाहीतर तासाभरात तक्रार येते.

लोकल

सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईहून येणारी गर्दी, त्यात लहान मूल घेऊन शिरायचं नाही, कोणी कितीही धीर दिला तरी. रविवारी गर्दी कमी असते, पण त्या दिवशी रेल्वे दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेते, दुपारी गाड्या उशिरा आणि कमी. शनिवारच्या पेपरात कुठल्या मार्गावर, किती वाजता ते छापून येतं.

म्हणून आपलं पहाटेचं उठणं इथं कामाला येतं. सहाच्या आतबाहेरची धीमी लोकल पकडा. धीमी प्रत्येक स्टेशनवर थांबते, वेळ जास्त लागतो, पण चढायला-उतरायला धक्काबुक्की कमी. बायांच्या डब्यात आई आणि लेकरं, पुरुषांनी शेजारच्या डब्यात बसावं. उतरायच्या दोन स्टेशनं आधी उठून दारातल्या बाईला विचारायचं, "दादर उतरणार का?" ती "हो" म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं, "नाही" म्हणाली तर ती आपोआप बाजूला होते. तिथला हा रिवाज मुलांना फार आवडतो, जावेचा पोरगा गावात एसटीतही विचारत बसतो. दाराबाहेर डोकावू द्यायचं नाही. एसी लोकलची दारं आपोआप बंद होतात, तिकीट महाग, पण अगदीच लहान मूल असेल तर पैसे वसूल.

पाच वर्षांखाली लोकललाही तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. आणि उतरल्यावर ऑटो शोधू नका: सायन-वांद्र्याच्या पुढे, जुन्या मुंबईत ऑटो चालतच नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी करावी लागते. मीटरचं सुरुवातीचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झालं आहे. मीटर टाकायला लावा.

समुद्र सकाळी, राणीची बाग नंतर

आमचा ठरलेला दिवस असा. सहाच्या लोकलने निघून साडेसात-आठला सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. स्टेशन बाहेरून एकदा डोळे भरून पाहायचं, मग टॅक्सीने गिरगाव चौपाटी. सकाळी तिथं ना भेळवाले, ना खेळणीवाले, ना गर्दी. फक्त व्यायाम करणारी माणसं आणि समुद्र. धाकट्याने पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, "आई, याचं पाणी कोन सोडते?" त्याला धरणाचा कालवा माहीत, तेवढाच हिशोब. घोट्यापर्यंत पाण्यात उभं करायचं, त्याच्या पुढे नाही. पोहण्यासारखी ती जागा नाही. पावसाळ्यात गेलात तर निळ्या फुग्यासारखे जेलीफिश वाळूवर येऊन पडतात, त्यांना हात लावला की आग होते. मरीन ड्राइव्हला कठड्याबाहेर ते तिकोनी सिमेंटचे दगड आहेत, त्यांच्यावर मोठी माणसंही उतरतात, आपण नाही. पिशवीत सुकी चड्डी आणि जुना टॉवेल.

साडेनऊपर्यंत भायखळा. राणीची बाग, आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. वाघ पाहायला विदर्भातून मुंबईला जायचं कारण नाही, ताडोबा आपल्याच घरचं. तिथं जायचं पेंग्विनसाठी. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले हंबोल्ट पेंग्विन काचेमागे थंड पाण्यात पोहतात. आत गेल्या गेल्या तिकडेच जा, उशिरा रांग वाढते. थोरली काचेला नाक लावून उभी राहिली, समोर एक पेंग्विन येऊन तिच्याकडे बघत थांबला, आणि मागच्या रांगेतली सगळी माणसं खोळंबली. ओढून न्यावं लागलं. बाकीच्या बागेत जुनी मोठी झाडं आहेत, त्यांच्या सावलीत मुलं आपोआप मंदावतात.

दीड-दोनला भायखळ्याहूनच धीमी लोकल. त्या वेळी बसायला जागा मिळते, मुलं झोपतात, आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत आपण घरी. एवढा एक दिवस. यात आणखी काही कोंबू नका.

दुसऱ्या बाहेरच्या दिवशी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. १९८५ चं आहे, आणि हात लावून, फिरवून, ओढून बघायच्या वस्तू भरपूर. सहा-सात वर्षांच्या पुढचं मूल असेल तर हेच आधी करा. किंवा सीएसएमटीहून बेस्टची डबल डेकर. जुन्या डिझेलच्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या वातानुकूलित आहेत. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडून द्या. मुलांसाठी तो पाळणा, आपल्यासाठी बसल्या जागी गार हवेत दक्षिण मुंबई.

घारापुरीला धाकट्यासोबत मी नेत नाही. बोटीचा तासाभराचा प्रवास, वर पायऱ्या, माकडं. मुलं मोठी असतील तर जा, सोमवारी मात्र लेणी बंद. १८ डिसेंबर २०२४ ला तिकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसून माणसं गेली. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते पाहून, घालून, पट्टा आवळूनच बसा.

पोट

आपल्या लेकरांना तिखटाचं भय नाही, वडापाव ती आरामात खातात. भय पाण्याचं आणि बर्फाचं. गोळा, कापून ठेवलेली फळं, उघडी पाणीपुरी, हे तिन्ही नाही. केळी, इडली, गरम वडा, उकडलेलं कणीस, हे चालतं. घरचं पाणी भरून घ्या. ओआरएसच्या पुड्या आणि तापाचं औषध आपल्याच डॉक्टरकडून मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून न्या. आणि संडास-बाथरूम दिसलं की लागलेलं असो-नसो, सगळ्यांना एकदा नेऊन आणा. लागल्यावर शोधायला मुंबई फार मोठी आहे.

परत येताना

गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी, ऐन गर्दीत सुटते. त्या वेळी सामान आणि मुलं घेऊन लोकलने उलटं मुंबईत जायची गरज नाही. तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन कल्याण टाका. तिकीट आधीच काढलं असेल तर चार्ट लागायच्या आत बदलून घ्या. अर्धा तास आधी फलाटावर जाऊन आपला डबा कुठं येतो ते बघून ठेवा, नाहीतर गाडी आल्यावर तिघांना घेऊन धावावं लागतं. सकाळी धामणगावला उतरलं की पहिल्या एसटीने घर. त्या दिवशी शाळेत पाठवू नका, मुलं बाकावरच झोपतात.